तांबडा पूर्वेचा, पांढरा पश्चिमेचा

१३ जानेवारी २०२५, सोमवार. भोगी

राळ्याचा भात वर्षभर कुणाला आठवत नाही, पण भोगीला राळे मिळाले नाहीत की घरोघरी चुटपूट लागते. आज मंगळवार पेठेतल्या नेहमीच्या दुकानात ते सकाळी दहालाच संपले होते. शेवटी शेजारच्या काकूंनी वाटीभर दिले. भाजीत वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, घेवडा घातला आणि वरून तिळाचं नि शेंगदाण्याचं कूट. बाजरीच्या भाकरीला तीळ लावता लावता आत्ती थांबली. खांदा धरलाय म्हणाली. मग जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना:

"यंदा चटणी मी करत न्हाई. लई झालं. आता ज्याचं त्यानं बघा."

पुढेमागे हे कुणी पुण्या-मुंबईचं वाचेल म्हणून लिहून ठेवते. आमच्याकडे कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला. उन्हाळ्यात एकदा कुटायचा, वर्षभर पुरवायचा. आमटी, भाजी, झुणका, मटण, सगळ्याला तोच. आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या हातची चटणी ठाण्याला, चिंचवडला, हुबळीला जाते. म्हणजे तिने हात वर केले की चार गावांची जेवणं बदलणार.

मी म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते आणि करते.

"लिवून येतंय व्हय? मला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या मागनं फिरलो, तवा आलं."

ती फिरली म्हणजे खरोखरच फिरली होती. मिरचीला गडहिंग्लज, नारळाला गगनबावडा, तांदळाला आजरा, गुळाला नदीकाठची गुऱ्हाळं. आधी बैलगाडीने, मग एस. टी.ने. तेव्हा मीही तसंच करायचं ठरवलं. आत्तीला गाडीत पुढे बसवायचं आणि जिथलं तिथून आणायचं.

१९ जानेवारी, रविवार

प्रयाग चिखलीच्या वाटेवरचं गुऱ्हाळ. चटणीत गूळ पडत नाही, तरी आत्तीचा हट्ट की सुरुवात इथून. थंडी संपत आली की गुळाला मजा नाही म्हणते.

चुलवाणात जाळव्या चिपाडं सारत होता. वर काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घातला की मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. गुळव्या सगळ्यांत शांत माणूस. पाकाचा थेंब पाण्यात टाकून दोन बोटांत गोळी वळली की त्याने मान हलवायची आणि काहील उतरवायची. मग वाफ्यात घोटणं, मग ढेपा. पाच-दहा सेकंद इकडे-तिकडे झाली तर सगळं आदण बिघडतं. तिथे तापमापक नव्हता, घड्याळही नव्हतं.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती याच गुळासाठी. पुढे कोल्हापूरचा गूळ गुजरातेत आणि त्याहूनही लांब गेला. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण चिखलीच्या आसपास बंद पडलेली चुलवाणंच आज जास्त दिसली. साखर कारखान्याला ऊस घातला की शेतकरी मोकळा होतो, आणि गुऱ्हाळावर रात्रभर राबायला माणसं मिळत नाहीत. त्यात गिऱ्हाईकाला गूळ पिवळाधमक हवा. तो रंग यावा म्हणून काही जण हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. यात मी दोष गिऱ्हाईकाला देईन. चांगला गूळ काळसर तांबूस असतो. तो दिसायला उजवा नाही म्हणून आपण औषध घातलेला विकत घेतो आणि वर भेसळीच्या नावाने बोंबलतो.

काकवीची बाटली घेऊन आलो. आत्तीने ती वाटेतच उघडली.

२ फेब्रुवारी, रविवार

भाचा शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहे. कास्टिंगच्या कामाने तुर्कस्तानला गेला होता, काल आला. काम संपल्यावर दोन दिवस गाझियानतेपला राहिला. सीरियाच्या सरहद्दीजवळचं मोठं शहर. पिस्त्याच्या बकलाव्याचं गाव, आणि २०१५ पासून युनेस्कोच्या खाद्यनगरांच्या यादीतलं. २०२३च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात तिथला जुना किल्ला ढासळला, त्याचे फोटो दाखवत होता. पण आमची मंडळी फोटोंपेक्षा त्याच्या पिशवीकडे बघत होती.

त्याने लाल मिरचीचा भरड चुरा आणला होता, आणि एक जवळजवळ काळी, तेलकट मिरची. ती शेजारच्या उर्फा शहराची. दिवसा उन्हात वाळवायची, रात्री झाकून घाम आणायचा, असं पुन्हा पुन्हा केल्यावर तो काळा रंग येतो. ज्या घरी त्याला जेवायला बोलावलं होतं तिथल्या आजीबाईंनी सांगितलं की उन्हाळा संपता संपता गल्लीतल्या बायका गच्चीवर जमतात, लाल मिरच्या वाटून, मीठ घालून परातींत उन्हाला ठेवतात आणि वर्षभराचा लगदा करून घेतात. तेलाचा थर देऊन बरण्या भरतात. मग लेकी-सुनांना वाटे.

आत्ती ऐकत होती. तिने तो चुरा चिमटीत घेतला, हुंगला, जिभेवर ठेवला.

"ह्यात तिखट न्हाई. पर वास झकास हाय. कांदा न्हाई घालत व्हय त्या?"

मग भाच्याने जे सांगितलं त्यावर मात्र घरात खरी चर्चा झाली. गाझियानतेपमध्ये सकाळी सकाळी बेयरान नावाचा मटणाचा रस्सा पितात. मटण रात्रभर शिजवतात, त्याचे धागे करतात, खाली थोडा भात, वर लसूण, लाल मिरची आणि कढत रस्सा. आणि लग्नात दुसरंच एक सूप असतं, मटणाच्याच पाण्याचं, पण पांढरट. अंड्याचा बलक, लिंबू किंवा दही लावून दाट केलेलं, वर फक्त लोण्यात परतलेल्या मिरचीचे थेंब.

"मावशी, म्हणजे आपला तांबडा-पांढरा रस्साच की!"

म्हणजे तसं नाही. नारळ नाही, खसखस नाही. पण मटणाचं एकच पाणी घेऊन त्याचे दोन रस्ते करायचे, एक लाल आणि एक पांढरा, हे दोन्ही गावांना सुचलं. मिरची तर दोघांच्याही घरची नव्हे. ती अमेरिकेतून निघाली आणि सोळाव्या शतकात आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. तिकडेही साधारण त्याच शतकात पोचली. चार-साडेचारशे वर्षांत दोन्हीकडच्या बायकांनी तिला अशी काही माणसाळवली की आता ती नव्हती तेव्हा आपण काय खायचो ते कुणाला सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. गडहिंग्लज

कागल सोडलं की महाराष्ट्र संपतो, निपाणी आणि संकेश्वर कर्नाटकात, मग उजवीकडे वळून पुन्हा महाराष्ट्र. एका मिरचीसाठी दोनदा राज्याची हद्द ओलांडली. आजीचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं. तिच्या माहेरच्यांना ही हद्द कधी कळली नाही. घरात कानडी, शेतात मराठी, बाजारात दोन्ही. निपाणीवरून जाताना आत्तीला १९८१चं तंबाखूचं आंदोलन आठवलं. शरद जोशींबरोबर शेतकरी हमरस्त्यावर बसले होते आणि रस्ताच बंद पडला होता. तेव्हा तिच्या मामेभावांच्या जेवणासाठी भाकरी गोळा करून पाठवल्या होत्या म्हणे. वर चटणी आणि कांदा.

मिरचीच्या दुकानात आत्ती बदलली. खांदा वगैरे काही दुखेना. एक मिरची उचलायची, हलवून बियांचा आवाज ऐकायचा, देठापाशी मोडायची, नाकाला लावायची. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या मिरच्यांकडे तिने बघितलंही नाही, हात कोपरापर्यंत आत घातला. व्यापारी हसला. म्हणाला, "आज्जी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक आता येत न्हाई."

संकेश्वरी, म्हणजेच जवारी, लांब, बारीक आणि सुरकुतलेली. यंदा कमी आली आहे आणि महाग आहे. जवारीला मेहनत फार, उतारा कमी. पाणी आलं तिथे शेतकरी उसाकडे गेला, असं तो म्हणाला. शेजारी ब्याडगी होती. ती हावेरी जिल्ह्यातली, रंगाला गडद, तिखटाला मवाळ. आणि एका कोपऱ्यात लवंगी, जिच्या नावावर आमच्या गावाची सगळी बदनामी उभी आहे.

आत्तीचा हिशेब एका दमात: "ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी नावाला."

हे वाक्य मी दुकानातच लिहून घेतलं. महाराष्ट्रभर हॉटेलांच्या कार्डावर 'कोल्हापुरी' म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं काहीतरी. 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा पदार्थ तर कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात शिजत नाही. लाल रंग आणि ओतलेलं तेल बघून बाहेरचा माणूस घाबरतो किंवा फुशारकी मारतो, आणि आता आमच्याच गावातली काही हॉटेलं त्याच्यासाठी तसं करू लागली आहेत. आत्तीच्या मापात लवंगी किलोला जेमतेम मूठभर. बाकी सगळं वास आणि रंग.

५ मार्च, बुधवार

सगळा खडा मसाला आला. धने, जिरे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, रामपत्री, जायपत्री, दगडफूल, शहाजिरे, हळकुंडं, हिंगाचे खडे. खसखशीचा भाव ऐकून दुकानदाराला दोनदा विचारलं.

२२ मार्च, शनिवार

आज कुटली.

मिरच्या चार दिवस गच्चीवर होत्या. परवापासून देठं काढत होतो. नाकाला पदर बांधून बसायचं आणि हात चुकूनही डोळ्याला लावायचा नाही. आज पहाटे पाचला कढई. खडा मसाला एकेक करून तेलात तळायचा, एकत्र नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी. लवंग फुगते, दगडफूल लगेच करपतं, हळकुंडाला वेळ लागतो. धने-जिरे कोरडे. तीळ तडतडू लागले की खाली. खोबरं किसून तांबूस. शेवटी कांदा.

कांद्यापाशी आत्तीने स्टूल मागितलं आणि कढईजवळ बसली. उभा चिरलेला कांदा तेलात पडला तो दीड तास हलला नाही. म्हणजे मी हलवत होते, पण तिचं "अजून" संपेना. सोनेरी झाला, बदामी झाला, मला वाटलं झालं. "अजून." त्यातलं पाणी पूर्ण गेलं पाहिजे, हातात घेतला की कुरकुरला पाहिजे. ओल राहिली तर पावसाळ्यात बरणीला बुरशी. चटणी टिकते ती कांद्याच्या जिवावर, मिठाच्या नव्हे, हे तिचं मत. आणि तिखटाला गोलाई येते तीही तिथेच. कमी परतलेल्या कांद्याची चटणी नुसती बोचते.

मग डबे घेऊन डंकावर. मार्चअखेरीला तिथे रांग असतेच. लोखंडी मुसळं आळीपाळीने खाली येतात, भिंती लाल, माणसं लाल, सगळे शिंकतात आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. गिरणीत दळली तर पीठ होतं आणि तापून वास उडतो, म्हणून कुटायचीच. आधी मिरची-मीठ, मग मसाले, मग खोबरं-तीळ, आणि अगदी शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. लसूण पडला की ती चटणी ओलसर होते, मुठीत दाबली की गोळा होतो. तो गोळा आत्तीने फोडून हुंगला, आणि डंकवाल्याला एवढंच म्हणाली, "अजून एक हात दे."

रांगेत माझ्यामागे एक मुलगी उभी होती, आय. टी.त काम करणारी असावी. घरून माप आणलं होतं, मोबाइलवर, सासूने आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेलं. तिने ते दोनदा ऐकवलं. आत्तीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सासूचं धन्याचं माप जास्त आहे असा निकाल दिला.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा. ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या, गुलाल, खोबरं. घरी पुरणपोळी आणि कटाची आमटी. आमटीत पहिल्यांदा नवी चटणी पडली.

२७ एप्रिल, रविवार. पन्हाळा

पाहुण्यांबरोबर पन्हाळ्याला. झुणका-भाकरी, मातीच्या गाडग्यातलं दही. ऊन लागायला लागलं तसे सगळे अंबरखान्यात जाऊन बसले. गंगा, जमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. काय धान्य? वरी, नागली, भात. किल्ल्याची शिबंदी वेढ्यात जगायची ती यावर, आणि सिद्दी जौहरचा वेढा १६६०च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात महिनोन्‌महिने होता. आपण कोल्हापूरचं म्हणून मटणाचं ताट दाखवतो. या भिंतींना ते माहीत नव्हतं. गावाचं रोजचं खाणं नागलीची आंबील, हुलग्याचं माडगं, जोंधळ्याच्या कण्या. बकरं पडायचं ते जत्रेला किंवा पाहुणा आला तर. आत्तीच्या लहानपणीही तसंच होतं.

भाच्याला इथेही तुर्कस्तान सापडलं. १६५९ पर्यंत पन्हाळा विजापूरकरांकडे होता, आणि आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा होता अशी कथा फिरिश्ता सांगतो. इतिहासकार ती मानत नाहीत. पण भाच्याने तेवढ्यावर पांढरा रस्सा थेट इस्तंबूलहून पन्हाळ्यावर आणला. हॉटेलवाले तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आणतात. आत्तीला यातलं काहीच पटत नाही. तिचं म्हणणं, तान्ह्या पोराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनमसाल्याच्या पाण्यात, कुणी तरी नारळाचं दूध घातलं, झालं. मला हे सगळ्यांत खरं वाटतं. घरात रोज लागणाऱ्या वस्तूला राजा शोधत बसायची गरज नाही.

४ मे, रविवार. गगनबावडा

चटणी झाली, पण आत्तीची फेरी अजून बाकी होती.

गगनबावड्याला पठार संपतं. तिथून एक वाट करुळ घाटाने उतरते, दुसरी भुईबावड्याने, आणि खाली कोकण. पूर्वी नारळ, सोलं, सुकी मासळी या वाटांनी वर यायची आणि गूळ, मिरची, शेंगा खाली जायच्या. आत्तीच्या आईने इथून पोत्याने नारळ नेले आहेत. कोल्हापुरात नारळाचं झाड लावता येतं, पण नारळाचा बाजार घाटाखालचाच.

इथे उभं राहिल्यावर मला ताटाचा नकाशा दिसला. तांबडा रस्सा पूर्वेचा. त्याची मिरची संकेश्वर, ब्याडगी, कानडी मुलखातली. पांढरा रस्सा पश्चिमेचा. त्याचा नारळ कोकणातला, आणि त्याचं तिखट मुख्यतः मिरी-लवंगेचं, म्हणजे मिरची या देशात येण्याआधीचं. दोन्ही मुलूख जिथे भेटतात तिथे कोल्हापूर आहे. मधल्या भाकरीचा जोंधळा इथला, बकरं इथलं. म्हणून हे ताट साताऱ्यात जमलं नाही, बेळगावात नाही आणि कणकवलीतही नाही.

सिद्धान्त आत्तीला ऐकवला. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "पर चटणीतलं सुकं खोबरं तिपटूरचं हाय. घाटाखालचं कवाच बंद झालं." तिपटूर म्हणजे कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातलं. म्हणजे पश्चिमेचा निम्मा नारळही आता पूर्वेकडून येतो. असो. ओल्या नारळापुरता माझा सिद्धान्त खरा आहे.

६ मे, मंगळवार

शाहू महाराजांचा स्मृतिदिन. १९२२ मध्ये आजच्या तारखेला ते गेले. शताब्दीच्या वर्षी, २०२२ मध्ये, सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. मी दसरा चौकात होते.

खाण्याबद्दल लिहिते आहे तर आज गंगाराम कांबळे यांच्याबद्दल लिहायला हवं. संस्थानच्या चाकरीत असताना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण चाकरांनी त्यांना मारलं. महाराज परगावी होते, परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा करायला पैसे दिले. गंगारामनी भर वस्तीत चहाचं हॉटेल काढलं, नाव सत्यसुधारक. तिथे चहा प्यायला कुणी येईना. तेव्हा महाराज आपली गाडी दारात थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही प्यायला लावायचे. राखीव जागांचा १९०२चा हुकूम पाठ्यपुस्तकात आहे. पण या गावातल्या माणसांना एकमेकांच्या हातचं खायला कुणी शिकवलं, तर त्या चहाने.

आणि तरी. आमच्या घरात वजडी, मुंडी, रक्ती शिजवायची चूल एके काळी वेगळी होती हे आत्तीने आज पहिल्यांदा सांगितलं. पाककृतींच्या पुस्तकांत या पदार्थांना जागा नव्हतीच. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. ते मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याविषयी आहे. कोल्हापूरचं तसं पुस्तक कुणी तरी लिहायला हवं, आणि ते माझ्यासारखीने नव्हे.

१८ जुलै, शुक्रवार

आषाढातला शुक्रवार. सकाळपासून पी-ढबाकचा आवाज. पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कलशात भरून टेंबलाईच्या डोंगरावर त्र्यंबोलीला वाहायचं, प्रत्येक गल्लीची वेगळी यात्रा. मुली डोक्यावर कलश घेऊन, पावसात, अनवाणी. मग गल्लीत बकऱ्याचे वाटे. २०१९च्या हिवाळ्यात मटणाचा भाव वाढला तेव्हा इथे मोर्चे निघाले, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. बाहेर त्याची थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखं काही वाटलं नाही. जी वस्तू गल्लीत वाटून खायची असते तिच्या भावावर गल्लीच बोलणार.

आज आत्ती स्वयंपाकघरात खुर्चीवर, मी चुलीपाशी. मटणाला आलं-लसूण आणि मीठ, हळद चिमटीपेक्षा कमी, "न्हाईतर पांढरा पिवळा हुतोय." पाणी कढत घालायचं, गार नाही. शिजलं की अळणी गाळून निम्मी. पहिली वाटी शेजारच्या लहान पोराला.

पांढऱ्यासाठी खसखस आणि तीळ भिजवून बारीक वाटले. आत्ती काजू घालू देत नाही. काजूने दाट होतो पण घशात बसतो, म्हणते. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, दोन मोडलेल्या हिरव्या मिरच्या. वाटण, अळणी, आणि नारळाचं दूध सगळ्यांत शेवटी. त्यानंतर उकळी नाही, फक्त वाफ. उकळला की फुटला. तांबड्याला याच्या उलट. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत, त्यात चटणी, आणि मग अळणी घालून खळखळ उकळू द्यायचा.

भात आजऱ्याच्या घनसाळचा होता. मे महिन्यात जाऊन आणला होता. आखूड दाणा, शिजताना गल्लीपर्यंत वास. २०१६ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं.

जेवायला अकरा माणसं. भाच्याने पांढऱ्यावर ती उर्फाची काळी मिरची भुरभुरली. आत्तीने बघितलं, वाटी पुढे केली. "घाल वाईच."

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावास्या. यंदा गुरुवारी आली, म्हणून गल्लीने आखाडाचं मटण काल बुधवारीच उरकलं. उद्यापासून श्रावण.

बरण्या गेल्या. ठाणे, चिंचवड, हुबळी. एक अर्ध्या किलोची भाचा सप्टेंबरमध्ये गाझियानतेपला नेणार आहे, त्या आजीबाईंसाठी. हुबळीहून वहिनीचा फोन आला. म्हणाली, आत्तीचीच आहे. आत्ती म्हणाली, "मीठ कणभर जास्त हाय."

बऱ्याच जणींनी माप मागितलं, तर ते इथे देऊन टाकते. मिरची एक किलो: ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ४५०, लवंगी ५०. कांदा एक किलो, लसूण ३००, आलं १००, कोथिंबीर दोन जुड्या. सुकं खोबरं २५०, धने २५०, तीळ १५०, जिरे १००, खसखस ५०. बाकीचा खडा मसाला प्रत्येकी दहा ग्रॅम, दगडफूल त्याच्या निम्मं, हळकुंडं ५०. मीठ ३००. तळायला शेंगतेल. बरणीत हिंगाचा खडा तळाशी एक, वर एक. आणि चव बघून तिखट कमी वाटलं तर लवंगी वाढवू नका, पुढच्या वर्षी कांदा आणखी परता.